मधल्या स्टेशनावर उतरा
(प्रौढ साक्षरांच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



उत्तरेकडे जायचे म्हटले की आपल्याला चारपाच नावे आठवतात. काशी, मथुरा, हरिद्वार, दिल्ली आणि ताजमहालासाठी आग्रा. मुंबईहून निघालेली पंजाब मेल भोपाळ मागे टाकते, झाशी मागे टाकते आणि आग्र्याच्या अलीकडे एका स्टेशनात उभी राहते. आपली माणसे खाली उतरतात, चहा घेतात आणि गाडी सुटायच्या आत परत डब्यात येऊन बसतात. स्टेशनाच्या पाटीवर नाव असते 'ग्वालियर'. आपण त्याला ग्वाल्हेर म्हणतो.

आज मी त्याच गावाविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की चहा पिऊन परत डब्यात बसू नका. पिशवी घेऊन उतरा. दोन दिवस राहा. आणि तुमच्यापैकी कुणाचा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे गेला, कुणाची मुलगी तिकडे दिली, तर डोळ्यांना पदर लावून बसू नका. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. तुमच्यासाठी तर हे गाव फारच चांगले आहे. का, ते सांगतो.

आधी भीतीचे बोलू. ग्वाल्हेरचे नाव काढले की कोणी तरी म्हणतोच, "अहो, तिकडे चंबळ आहे. दरोडेखोरांचा मुलूख!" गोष्ट अगदी खोटी नाही. चंबळ नदीच्या काठी मातीच्या खोल घळी आहेत. त्यांना तिकडे बीहड म्हणतात. त्या घळींत एके काळी दरोडेखोरांच्या टोळ्या लपत. पण त्या गोष्टीचा पुढचा भागही माहीत पाहिजे. १९६० साली आपले विनोबा भावे त्या भागातून पायी फिरले. हातात शस्त्र नाही, बरोबर फौज नाही. त्यांच्यापुढे वीस दरोडेखोरांनी येऊन बंदुका खाली ठेवल्या. पुढे १९७२ साली मुरैना जिल्ह्यातल्या जौरा गावी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे आणखी पुष्कळ जणांनी शस्त्रे ठेवली. त्यालाही आता पन्नासावर वर्षे झाली. तेव्हा ती भीती आपण जुन्या सिनेमांकडून उसनी घेतलेली आहे. ती परत करून टाकावी.

दुसरी भीती उन्हाची. ती मात्र खरी आहे, बरं का. मे-जून महिन्यांत तिथे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. लू वाहते. त्या दिवसांत जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते आणि गाड्या उशिरा धावतात. मग जावे कधी? दिवाळीच्या आसपास किंवा फाल्गुनात.

तिसरी भीती भाषेची. "आम्हाला हिंदी कुठे येते?" असे बायाबापड्या म्हणतात. आता नीट ऐका. तुम्ही इथे वर्गात बसून जी अक्षरे गिरवलीत, तीच अक्षरे तिथे आहेत. क, ख, ग, घ. काना, मात्रा, वेलांटी. मराठी आणि हिंदी या दोन भाषा, पण लिपी एकच, देवनागरी. मद्रासला किंवा कलकत्त्याला गेलात तर दुकानावरची पाटी तुम्हाला लागायची नाही. ग्वाल्हेर मुंबईहून सुमारे बाराशे किलोमीटर दूर, पण तिथली पाटी तुम्ही वाचाल. औषधाचे दुकान कुठले, दवाखाना कुठला, बायकांची खोली कुठली, हे कोणाला विचारावे लागणार नाही. ज्याने अंगठा उठवून आयुष्य काढले त्याला परगावी पाटी वाचता येणे म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मात्र थोडे सावध राहायचे. काही शब्द आपलेच, पण अर्थ निराळा. सरकारी कचेरीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी दिसली तर पळू नका. तिथे कोणाला शिक्षा करीत नाहीत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. रिक्षावाला म्हणाला, "गाडी खाली है," तर खाली वाकून बघू नका. खाली म्हणजे रिकामी. 'यातायात पुलिस' म्हणजे रहदारीचे पोलीस. आपल्याकडे यातायात म्हणजे दगदग, आणि रहदारीत उभे राहणाऱ्या त्या पोलिसाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात! हिंदीत 'ळ' बहुधा लिहीत नाहीत. शितोळे तिथे शितोले होतात. आणि ड, ढ यांच्या खाली कधी कधी एक टिंब दिसेल. ते पाहून अडू नका. जीभ जरा मागे वळवून उच्चार करायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आता गावात शिरू. हे गाव म्हणजे खरे तर तीन गावे आहेत. किल्ल्याच्या पायथ्याचे ते जुने ग्वाल्हेर. इंग्रजांची छावणी होती ते मोरार. आणि तिसऱ्याचे नाव ऐका: लष्कर. हे नाव कसे पडले? १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तिथे पडला. राहुट्या ठोकल्या, बाजार भरला. तळ काही हलला नाही. राहुट्यांची घरे झाली, घरांचे शहर झाले, पण नाव लष्करच राहिले.

त्या फौजेबरोबर आपल्याकडची माणसे गेली. सरदार गेले, तसे कारकून, शिपाई, भटजी, आचारी, गवयीही गेले. म्हणून लष्करातल्या पाट्या वाचत निघालात की अधूनमधून ओळखीचे नाव भेटते. पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, दौलतगंज, माधवगंज. आणि गावाच्या मधोमध महाराज बाडा. हा बाडा म्हणजे आपला वाडाच. तिकडच्या बोलीत व चा ब झाला. तिथे भाद्रपदात मराठी घरांतून गणपती बसतात. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली अशी घरे आहेत, की घरात मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की हिंदी.

या दोन भाषांच्या शेजारातून चांगली फळे आली. कवी भा. रा. तांबे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८७३ साली त्या भागातल्या मुंगावलीला ते जन्मले. ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली ग्वाल्हेरलाच वारले. त्यांची मराठी गाणी इथे महाराष्ट्रात घरोघर गायली गेली. दुसरे घर मुक्तिबोधांचे. ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूर गावी १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घरची भाषा मराठी, पण ते हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी झाले. एका आईचे दोन मुलगे, एक या भाषेत मोठा, एक त्या भाषेत. भाषांवरून भांडणाऱ्यांनी हे घर आठवावे.

आता किल्ला चढू. गावाच्या डोक्यावर लांबच लांब टेकडी आहे आणि तिच्यावर किल्ला. पूर्वेकडून पायी चढायचे. पायथ्याशी गूजरी महाल लागतो. राजा मानसिंग तोमर याने पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या आरंभी इथे राज्य केले. त्याची एक राणी गूजर समाजातली, खेड्यातली होती. लोक गोष्ट सांगतात, की तिने लग्नाआधी अट घातली: "माझ्या गावच्या नदीचे पाणी मला महालात मिळाले पाहिजे." राजाने तिच्या गावापासून पाणी आणले आणि तिच्यासाठी हा महाल बांधला. गोष्ट कितपत खरी ते असो, पण पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायकांना ती अट बरोबर वाटेल. आता त्या महालात वस्तुसंग्रहालय आहे.

थोडे वर चढले की वाटेत एकाच खडकातून कोरून काढलेले लहानसे देऊळ आहे. त्याचे नाव चतुर्भुज मंदिर. मोठ्या मोठ्या इमारती पाहायच्या घाईत लोक त्याच्यापुढून निघून जातात. तुम्ही थांबा. आत भिंतीवर एक लेख कोरलेला आहे. तो सन ८७६ चा आहे. मजकूर साधा, व्यवहाराचा आहे. देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्यायच्या.

यात विशेष ते काय? विशेष ते शून्य. २७० मधले शून्य आणि ५० मधले शून्य. त्या दगडावर ते लहानशा वर्तुळासारखे कोरलेले आहे, आज आपण काढतो तसेच. कंबोडिया देशात सन ६८३ च्या एका शिलालेखात याहूनही जुने शून्य सापडले आहे. पण आपल्या देशात, तारीख नक्की ठाऊक असलेल्या दगडी लेखांत, हे शून्य फार जुन्यांपैकी गणतात. जगभरचे गणिती ते पाहायला येतात. आपण मात्र ध्यानात घ्यायचे ते हे, की ते कुठल्या राजाच्या बढाईत कोरलेले नाही. ते जमिनीच्या मापात आणि माळ्याच्या हिशेबात आहे. सातबारा वाचताना, दुकानदाराची यादी तपासताना तुम्ही जे शून्य बघता, तेच हे. पाच माळा आणि पन्नास माळा यांत केवढा फरक, तो त्या माळ्याला विचारा! हिशेब कळला नाही म्हणून आपल्यापैकी कितीजण फसले असतील. अकराशे वर्षांपूर्वीही हिशेब लिहून ठेवावा लागत होता, तो याचसाठी.

माथ्यावर मानसिंगाचा राजवाडा आहे, मानमंदिर. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या कौलांची नक्षी आहे. त्यात पिवळ्या बदकांची एक रांग चाललेली दिसते. एवढ्या मोठ्या राजाच्या वाड्यावर बदके! पाहून मौज वाटते. पण त्याच वाड्याच्या तळघरांत पुढे मोगलांनी कैदी ठेवले. वर बदके आणि खाली बेड्या.

या किल्ल्यातल्या कैदेची एक गोष्ट शीख लोक फार भक्तीने सांगतात. त्यांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने इथे कोंडले होते. पुढे सुटकेचा हुकूम आला. गुरू म्हणाले, "माझ्याबरोबर हे ५२ राजेही कैदेत आहेत. ते सुटले तरच मी बाहेर येईन." बादशहा म्हणाला, "जितके जण गुरूंचा पदर धरून बाहेर येतील तितके सुटले." तेव्हा गुरूंनी ५२ सोग्यांचा अंगरखा शिवून घेतला. एकेकाने एकेक सोगा धरला आणि सगळे बाहेर आले. म्हणून त्या जागेच्या गुरुद्वाराचे नाव 'दाता बंदी छोड'. शीख लोक दिवाळीला बंदी छोड दिवस पाळतात. तिथे लंगरात जात विचारीत नाहीत. पंगतीत बसावे आणि जेवावे.

किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, उरवाई दरवाज्याच्या वाटेवर, डोंगराच्या कड्यात जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या आहेत. सगळ्यांत मोठी सुमारे १७ मीटर उंच आहे, म्हणजे चारपाच मजली चाळीएवढी. बाबराच्या हुकमाने यांतल्या मूर्तींची तोडफोड झाली. त्याने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. पुढे काहींचे चेहरे दुरुस्त केले, काही तसेच राहिले. त्या तुटक्या चेहऱ्यांपुढेही माणूस मुकाट उभा राहतो.

आता गाण्याकडे वळू. बादशहा अकबराच्या दरबारातला तानसेन याच भागातला. त्याची कबर ग्वाल्हेरला आहे, मुहम्मद गौस या सूफी साधूच्या मोठ्या कबरीच्या शेजारी. मोठी कबर गुरूची मानतात, लहान शिष्याची. जवळ एक चिंचेचे झाड आहे. तिची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा. दर वर्षी डिसेंबरात तिथे तानसेन समारोह भरतो. साधी माणसे शाली पांघरून रात्री ऐकत बसतात. १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या सहाय्याने तिथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. २०२३ साली युनेस्कोने या शहराला संगीताचे शहर म्हणून आपल्या यादीत घेतले.

पण आपला धागा याहून जवळचा आहे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी तिथे ख्यालगायकी नावारूपाला आणली. हस्सू खाँसाहेबांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकायला आपल्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गेले. शिकून परत आले आणि ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याचे दार साध्या घरांतल्या मुलांना उघडले. म्हणजे मुसलमान उस्ताद, ब्राह्मण शिष्य, उत्तरेची विद्या आणि दक्षिणेचा गळा. आज आपल्याकडच्या गावात एखादी मुलगी पेटीवर सा लावते, तेव्हा त्यात थोडे ग्वाल्हेर असते.

फुलबागेत एक समाधी आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईची. १८ जून १८५८ रोजी इंग्रजांशी लढताना ती ग्वाल्हेरजवळ पडली. तिचे माहेरचे तांबे घराणेही मराठी. तिच्या बाजूने ग्वाल्हेरचे सैन्य आले, पण महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. राणी मराठी आणि राजाही मराठी. एकाच गावात दोघांच्या खुणा आहेत: ही समाधी, आणि १८७४ साली बांधलेला तो थोरला जयविलास राजवाडा. तिथे जेवणाच्या मेजावर चांदीची लहानशी आगगाडी रुळांवर फिरे. जरूर पाहावी. पण "तिथे आपले राज्य होते" म्हणून छाती फुगवून फिरू नये. राज्य राजांचे होते, तुमच्याआमच्या आज्या-पणज्यांचे नव्हते. आपला हक्क आहे तो वाचण्याचा आणि ऐकण्याचा.

या गावाने तोटेही सोसले आहेत. १९४८ साली संस्थान विलीन झाले. काही वर्षे ग्वाल्हेर मध्य भारत राज्याची हिवाळ्यातली राजधानी होती. १९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मोठी कापड गिरणी होती, ती १९९० नंतर बंद पडली. भोंगा थांबला की चाळीत काय होते, हे मुंबईच्या माणसाला सांगावे लागत नाही. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर एक छोटी आगगाडी धावे. लोक टपावर बसून जात. तीही २०२० साली थांबली आणि तिथे रुंद मार्गाचे काम निघाले.

मग उरले काय? उरले मध्यम आकाराचे शहर. २०११ च्या शिरगणतीत वस्ती दहा लाखांच्या थोडी वर. दवाखाने, कॉलेजे, बाजार सगळे आहे, पण माणूस गर्दीत हरवत नाही. आग्र्यासारखा यात्रेकरूंचा लोंढा नाही, म्हणून दुकानदाराला बोलायला वेळ असतो. सकाळी कढईतून निघालेली बेडई आणि बटाट्याची भाजी खावी. बेडई म्हणजे डाळ भरलेली फुगीर पुरी. थंडीत गजक घ्यावी. तीळ आणि गूळ लाकडी मोगरीने कुटून कुटून तिचे पापुद्रे करतात. शेजारच्या मुरैन्याची गजक नावाजलेली. संक्रांतीच्या वडीची ती उत्तरेतली बहीण. गजकवाल्याला सांगा, "आम्ही महाराष्ट्रातून आलो." तोच विचारील, "लष्करमध्ये कोणाकडे आलात?"

मोठी शहरे आपल्याला दिपवतात. दिपलेल्या डोळ्यांना वाचता येत नाही. मधल्या शहरात डोळे उघडे राहतात. म्हणून नव्या वाचकाने पहिला प्रवास अशा गावाचा करावा, असे माझे मत आहे.

जाताना बायकांनाही न्या. "तिला काय कळतंय?" असे म्हणू नका. तिलाही अक्षरे येतात. गाडीत खिडकीपाशी तिला बसवा. पुढे स्टेशने येतील. भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ. झाशीच्या पाटीवर आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी' असे लांब नाव आहे, ते तिने अडखळत का होईना, स्वतः वाचावे. त्याच्या पुढचे मोठे स्टेशन ग्वालियर. पाटी वाचली की पिशवी उचला.